सतराशे तीस डबे

ते पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. बेलापूरच्या एका सरकारी इमारतीत तळमजल्यावर माझं टेबल आहे आणि मागे रेकॉर्ड रूम. जमिनी गेलेल्या गावांतले लोक मोबदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटची जुनी फाइल बघायला येतात, ती मी काढून देते. येणारा माणूस आधी तक्रार करतो आणि मग नाव सांगतो, असा आमच्याकडचा रिवाज आहे. हे गृहस्थ काहीच बोलले नाहीत. नुसता अर्ज पुढे केला. मी आत जाऊन फाइल घेऊन आले, तोवर ते काउंटरवर ओणवे होऊन माझ्या चपलांकडे बघत होते.

"म्याडम," ते म्हणाले, "डाव्या पायाचा बोल्ट ढिला हाय. जाताना वाजला नाय, येताना वाजला."

माझा डावा पाय गुडघ्याखालून नकली आहे. अपघाताला तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि लोकांच्या सगळ्या तऱ्हा माझ्या पाठ झाल्या होत्या. काही जण हळूच बघून 'च्च' करतात. काही जण आपण बघत नाही हे दाखवायला भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागतात, आणि ते गेल्या वर्षीचं असतं. पण बोल्टबद्दल कुणी बोललं नव्हतं. मी तडकून म्हटलं, "तुम्ही तुमची फाइल बघा." संध्याकाळी ऐरोलीला घरी येऊन पाय काढून पाहिला तर घोट्याजवळचा बोल्ट खरंच ढिला होता. मग मला आणखीनच राग आला.

ते जासईचे. वय पासष्टच्या पुढे, अंगकाठी बारीक, शर्टाच्या खिशात पेन्सिल आणि खडूचा तुकडा. बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात गेटवर एकतीस वर्षं नोकरी केलेली. त्यांचं काम एवढंच, की गेटातून आत येणाऱ्या प्रत्येक डब्याभोवती फिरायचं आणि त्याला कुठे काय लागलंय ते लिहायचं. कंटेनरला ते डबा म्हणत. पोचा असेल तर डी, चीर असेल तर सी, भोक असेल तर एच. आत येताना जे लिहिलं नाही, ते आपल्याच यार्डात झालं असं धरतात. म्हणून गेटवरचा माणूस नीट हवा. हे त्यांनी मला फाइलची वाट बघता बघता सांगितलं, मी विचारलं नसताना.

दुसऱ्या खेपेला त्यांनी पाय कसा गेला ते विचारलं. मी सांगितलं, स्कूटरवरून जात होते, उरण रोडला कंटेनरच्या ट्रेलरखाली आले. इथे ऐकणारा माणूस खुर्ची तरी धरतो किंवा देवाचं नाव तरी घेतो. त्यांनी विचारलं, "डबा भरलेला व्हता का रिकामा?"

"विचारायचं राहिलं," मी म्हटलं.

त्यांना माझा टोमणा कळलाच नाही. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "रिकामाच असल. भरलेला असता त तू हितं बसली नसतीस." एवढं बोलून ते समाधानाने फाइल चाळायला लागले. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस जरा बरा आहे.

तिसऱ्या खेपेला माझ्या टेबलावर हाफ मॅरेथॉनचा फॉर्म पडला होता. तो मी महिनाभर तसाच ठेवला होता, भरतही नव्हते आणि फाडतही नव्हते. धावण्याचं वेड मला कधीच नव्हतं. पण अपघातानंतर माझ्या वतीने सगळं जगच ठरवायला लागलं होतं. ऑफिसने मला तळमजला दिला. सोसायटीच्या पूजेत मला आधी खुर्ची मिळायची आणि मग प्रसाद. एकदा तर माझ्या आईच्या वयाची बाई मला जागा द्यायला उठली. मी बसले, आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. मला एकदा तरी काहीतरी इतकं लांब करून बघायचं होतं, की लोकांची जागा द्यायची सवय सुटेल. एवढंच कारण होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी फॉर्म उलटा करून वाचला. "कवरा लांब?"

"एकवीस किलोमीटर, वर शंभर मीटर."

खिशातली पेन्सिल निघाली. माझ्याच फॉर्मच्या मागे त्यांनी हिशेब मांडला. "चालीस फुटी डबे एकामांग एक लावले त सतराशे तीस. वर थोरा तुकरा. व्हईल."

"तुम्ही धावता का, काका?"

"कदीच नाय. यस्टी पकराला पन नाय."

"मग होईल हे कशावरून सांगता?"

"धावाचा तुला हाय," ते म्हणाले. "मी बगनार."

मी फॉर्म भरला आणि सराव सुरू झाला. शनिवार-रविवारी उजाडताना ते जासईहून स्कूटरवर यायचे, मागे त्यांची बायको, म्हणजे काकू. काकूंच्या एका हातात भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी, दुसऱ्या हातात प्लास्टिकचं स्टूल. पाम बीच रोडच्या कडेला, बेलापूरच्या टोकाला, ते स्टूल मांडलं जायचं आणि ते म्हणायचे, "पाय कार." त्यांच्या बोलीत काढ म्हणजे कार.

ही पहिली कसोटी होती आणि ती धावण्याहून अवघड होती. घाम आला की उरलेला पाय सॉकेटमध्ये, म्हणजे नकली पायाच्या वाटीत, सरकतो. कातडी घासते, फोड येतो, आणि फोड फुटला की पंधरा दिवस घरी. म्हणून दर चार किलोमीटरला थांबून, पाय काढून, पुसून, कातडी बघून परत घालायचा असा त्यांचा नियम. स्टूल घेऊन ते स्कूटरवर माझ्या मागेमागे यायचे. चार किलोमीटर ते म्हणत नसत, तीनशे तीस डबे म्हणत. बरोबर होतं ते. पण भर रस्त्यात, सायकलवाले आणि कुत्री फिरवणाऱ्या बायका जात असताना, ट्रॅक पँट वर करून पाय काढायचा? घरात नुसती आई असली तरी मी दार लोटून काढत असे.

पहिल्या दिवशी मी ठाम नाही म्हणाले. ते वाद घालत नसत. नुसते उभे राहिले. शेवटी काकूंनी पिशवीतली मोठी काळी छत्री उघडली आणि माझ्यापुढे आडवी धरली. तिच्या आडोशाला मी पाय काढला. तीन आठवडे हे असं चाललं. मग एका रविवारी काकू म्हणाल्या, "बाय, माजा हात दुखतं. कोन बगते तुला? ज्याला त्याला आपला प्वाट कमी कराचा परलाय." आणि छत्री मिटली. मी इकडेतिकडे पाहिलं. खरंच कुणी बघत नव्हतं. एका मुलाने पाहिलं, पण त्याला पायापेक्षा आमच्या भाकरीत रस होता.

मग तपासणी. ते गुडघ्यावर बसायचे, चष्मा कपाळावर घ्यायचे आणि माझ्या उरलेल्या पायाभोवती नजर फिरवायचे, आधी डावीकडून, मग मागून, मग उजवीकडून, मग खालून. हात लावायचा नाही. हात लावायचं काम काकूंचं. लाल डाग दिसला की काकू अंगठ्याने दाबायच्या आणि ते शंभर मोजायचे. शंभरात लाली गेली तर पुढे धावायचं. नाही गेली तर त्या दिवसापुरतं संपलं, मग एक किलोमीटर झालेला असो नाहीतर दहा. वहीत नोंद व्हायची, "बी, मागची बाजू, रुपयाएवढा, शंभरात गेला." बी म्हणजे मुका मार. सही ते करायचे आणि खाली माझी घ्यायचे. मी सरकारी नोकर, मला सहीचं काय वाटणार? पण स्वतःच्या पायाच्या पावतीवर सही करताना मला दर वेळी हसू यायचं.

चांगलं म्हणणं त्यांना जमत नसे. मी दहा किलोमीटर न थांबता केले त्या दिवशी मी त्यांच्याकडे आशेने बघत राहिले. ते म्हणाले, "लिवाला काय नाय." मला वाईट वाटलं. काकू मागून म्हणाल्या, "आगो, यवरा त माझे जेवनाला पन कदी बोलले नाय." मग मला कळलं, की ज्याच्याबद्दल लिहायला काही नाही ते त्यांच्या लेखी सगळ्यात उत्तम. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मुलगा बघून आल्यावरही ते असंच म्हणाले होते म्हणे. व्याही दोन दिवस काळजीत होते.

इतकी बारीक नजर माणसाला कशी लागते, याचं मला कुतूहल होतं. काहीतरी घडलं असणार, कधीतरी एखादी चूक झाली असणार, कुणाला तरी इजा झाली असणार, असं मी मनाशी रचून ठेवलं होतं. एकदा ते पाणी आणायला गेले तेव्हा काकूंना हळूच विचारलं. काकूंनी तोंडातली भाकरी संपवली. "कायच नाय झाला. जनमाचे असेच हायीत. लगनात माझे पाटाला चीर हाय सांगून पाट बदलाला लावला. भटजी मुहूर्त मुहूर्त करत र्‍हायला. ह्ये पाट पालथा करून बगतान."

चार महिने असे गेले. माझं चौदा किलोमीटरपर्यंत आलं होतं. आणि मग पायाच्या मागच्या बाजूला, त्याच एका जागी, जखम व्हायला लागली. एकदा झाली, भरली. परत झाली, परत भरली. पाय बनवणाऱ्याकडे जाऊन मी दोनदा सॉकेट आतून घासून आणलं. तिसऱ्यांदा झाली तेव्हा शर्यतीला आठ आठवडे उरले होते आणि शनिवारी सोळा किलोमीटर ठरले होते.

शुक्रवारी रात्री जखम चणचणत होती, पण नीट उघडली नव्हती. शनिवारी पहाटे मी आरशासमोर बसले आणि ऑफिसला लावते ते फाउंडेशन त्या डागावर लावलं. वरून पावडर. मी चेहऱ्यालासुद्धा इतकं मन लावून कधी लावलं नव्हतं. अगदी बेमालूम झालं. आपण काय करतोय ते मला ठाऊक होतं. आठ आठवडेच तर आहेत, एवढंच मी मनाशी म्हणत होते.

स्टुलावर बसून मी पाय काढला. ते गुडघ्यावर बसले. डावीकडून बघितलं, मागून बघितलं आणि तिथेच थांबले. मी समोरच्या खाडीकडे बघत राहिले.

"पेंट मारलाय," ते म्हणाले.

गंजलेला डबा खपवायचा असला की लोक गंजावर ताजा रंग मारून आणतात, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. जुन्या डब्यावर एखादीच जागा फार छान दिसली की तिथेच बघायचं. त्यांनी टॉवेल ओला करून काकूंकडे दिला. काकूंनी पुसलं. टॉवेलावर तपकिरी रंग आला आणि त्याच्यामागून थोडं रक्त.

ते ओरडले असते तर मी भांडले असते, माझी सगळी तयारी होती. त्यांनी वहीत लिहिलं, "पेंट मारलेला", सही केली आणि वही माझ्यापुढे धरली. मी सही केली. "घरी जा," ते म्हणाले. काकू स्कूटरवर बसल्या. त्या दिवशी भाकरीचा डबा पिशवीतच राहिला. मी रिक्षात बसून ऐरोलीपर्यंत रडले. बरंचसं रागाने, आणि उरलेलं लाजेने.

दोन दिवसांत जखम चिघळली आणि ताप आला. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, जुने कागद पाहिले आणि शांतपणे सांगितलं, की एकाच जागी हे पुन्हा पुन्हा होतंय, आतली कातडी पातळ झाली आहे. तीन आठवडे नकली पाय घालायचा नाही. तेवढ्यात भरलं तर ठीक. नाहीतर, आणि भरून परत उघडलं तरीही, गुडघ्याच्या वरून कापावं लागेल.

ज्यांना दोन्ही गुडघे आहेत त्यांना हे सांगून कळत नाही. गुडघा असला की जिना चढता येतो, बसून उठता येतं, धावता येतं. अपघातात माझा गुडघा वाचला होता, आणि आठ वर्षं मी त्याच्या जिवावर जगत होते. शर्यत मी त्याच मिनिटाला विसरले. घरी आल्यावर मी गुडघा वाकवून, पोटाशी घेऊन झोपले.  आईने पांघरूण घातलं.

आठवड्याने काकूंचा फोन आला. बातमी त्यांना ऑफिसातून कळली होती. "ह्ये सांगतान, पाय घेऊन ये."

"मला पाय घालायचा नाहीये, काकू."

मागून काकांचा आवाज आला, "तिला सांग, ती नाय आली तरी चालंल. पाय पाठव."

मी गेले. कुबड्या घेऊन, आणि पाय साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून, रिक्षाने जासईला. मला वाटत होतं की माझं चुकलं ते सांगून टाकावं. पण बोलायला वेळच मिळाला नाही. त्यांनी मला आणि काकूंना परत त्याच रिक्षात घातलं आणि आपल्या जुन्या यार्डात नेलं. गेटवरच्या वॉचमनने त्यांना सलाम ठोकला, आमच्या तिघांच्या डोक्यावर पिवळी हेल्मेट चढवली आणि एका रिकाम्या डब्याचं दार उघडलं. कुबड्या घेऊन आत चढायला मला वॉचमनचा आणि काकूंचा, दोघांचा आधार लागला. आत आधी मिरची भरलेली असावी. काकूंना एकामागून एक शिंका सुरू झाल्या.

"दार लाव," ते वॉचमनला म्हणाले. दार बाहेरून बंद झालं आणि भर दुपारी मिट्ट काळोख झाला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. माल भरण्याआधी रिकाम्या डब्यात माणूस जातो आणि दार लावून घेतो. डब्याला कुठे बारीकसं भोक असलं, चीर असली, तर तिथून उजेड आत येतो. बाहेरून बघून जे दिसत नाही ते आतल्या अंधारात दिसतं. ह्याला लाइट टेस्ट म्हणतात. एवढं बोलून सवयीने त्यांनी वर पाहिलं आणि ओरडून वॉचमनला सांगितलं, "ह्ये डब्याला दोन भोका हायीत. भरू देऊ नको."

काकू शिंकता शिंकता म्हणाल्या, "आवो, पोरीचा बगा आदी."

त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला, तो माझ्या पायाच्या सॉकेटमध्ये सोडला आणि वरून टॉवेल कोंबला. पुन्हा काळोख झाला. पाय जमिनीवर उभा होता, काही दिसत नव्हतं. मग त्यांनी दोन्ही हातांनी वरून जोर दिला, जसा माझा भार पडतो तसा. आणि मागच्या बाजूला उजेडाची एक रेघ उमटली. बोटभर लांब, केसासारखी बारीक. हात काढला, रेघ गेली. जोर दिला, आली. त्यांनी पाच-सहा वेळा तसं केलं. काकूंच्या शिंकासुद्धा थांबल्या होत्या.

सॉकेटला तडा गेलेला होता. रिकामा असताना तो मिटायचा, म्हणून पाय बनवणाऱ्यालाही दिसला नाही. मी त्यात उभी राहिले की उघडायचा, आणि पाऊल उचललं की माझी कातडी चिमटीत धरून मिटायचा. चौदा किलोमीटरला कितीदा, ते त्यांनाच विचारायला हवं होतं.

मी त्या अंधारात मोठ्याने हसले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसले. दोष माझ्या पायात नव्हता, त्या प्लास्टिकमध्ये होता, आणि प्लास्टिक बदलता येतं. 

ते मात्र खाली लाकडी फळ्यांवर बसले होते. टॉर्च अजून पायातच होता, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता. "एकतीस वरसा मी डबा बगला," ते म्हणाले. "माल कदीच नाय. माल सील असते, मालाशी आपला काय संबंद? आनं तुजा पाय आला त मी चार महिने नुसता माल बगत बसलू. डबा दर टायमाला माझे हातान घेतला आनं बाजूला ठेवला. उलटा करून पन नाय बगला."

"मीसुद्धा पेंट मारला होता, काका. माझं चुकलं."

"तो मना दिसला," ते म्हणाले. "ह्यो नाय दिसला."

 शेवटी काकूंनी दारावर जोरजोराने थापा मारून वॉचमनला बोलावलं, कारण मिरची त्यांना सहन होत नव्हती. उजेडात आल्यावर काकांनी वहीत नोंद केली आणि तो कागद फाडून मला दिला, "सी, मागची बाजू, भार दिल्यावर उघडते." पाय बनवणाऱ्याने कागद वाचला, सॉकेट दाबून पाहिलं आणि बराच वेळ कान पकडून उभा राहिला. नवं सॉकेट बनलं. तीन आठवड्यांनी जखम भरली. नवीन पाय घालून आणखी पंधरा दिवस चालले तरी ती जागा उघडली नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. शर्यतीचं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "थांबायचं कधी ते कळत असेल तर जा."

ते वाक्य मला लागलं. कळत असेल तर. मला कळत होतंच, पण मी थांबले नव्हते. नवा पाय घातल्यावर शनिवार-रविवार पुन्हा सुरू झाले होते, भाकरीही परत आली होती. पण एक बदल झाला होता. मी येताना फोनवर "पाय ठीक आहे" म्हटलं की ते नुसतं "बगू" म्हणायचे. आधी ते "बरा" म्हणत असत. ह्याबद्दल काही बोलणं मला जमलं नाही आणि त्यांनी काढलं नाही.

शर्यतीच्या दिवशी रस्ता बंद, स्कूटर नाही, म्हणून ते आणि काकू शेवटच्या कमानीपाशी जाऊन उभे राहणार होते. सुरुवातीला त्यांनी तपासणी केली, सही केली, माझी घेतली. वही मिटताना काहीतरी बोलायचं होतं त्यांना, मला दिसलं. मग ते म्हणाले, "पानी पी मधीमधी," आणि गेले. पाण्याबद्दल ते त्याआधी कधीच बोलले नव्हते.

चार किलोमीटरला मी दुभाजकावर बसले, पाय काढला, पुसला, पाहिला. साफ. आठला साफ. बाराला थोडी लाली होती, मीच अंगठ्याने दाबली आणि मोजलं, साठालाच गेली. लोक टाळ्या वाजवत होते, एक-दोघांनी मला विचारून फोटो काढले. मला छान वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. सोळाला मी बसले तेव्हा वेळेच्या पुढे होते.

पुढच्या बाजूला, नव्या सॉकेटची कड लागते तिथे, शेंगदाण्याएवढा लाल डाग होता. मी दाबला आणि शंभर मोजले. गेला नाही. परत शंभर मोजले, या वेळी हळू. नाही गेला. दुखत तर अजिबात नव्हतं. जखमही नव्हती, जुनी जागाही नव्हती. पाच किलोमीटर राहिले होते. तिथे छत्री नव्हती, वही नव्हती, मला बघणारं कुणी नव्हतं. शेजारून जाणारी एक मुलगी म्हणाली, "दीदी, थोडंच राहिलंय, चला." आणि मी खरंच लायनर, म्हणजे सॉकेटच्या आतला रबरी मोजा, परत चढवला. हात आपोआप चालत होते. मग मी गुडघ्यावर हात ठेवला. तो गरम होता. आपोआप चढवलेलं सगळं मी परत उतरवलं आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला हात केला.

मागे राहिलेल्यांना गोळा करणारी बस असते. तिच्यात आम्ही सहा जण होतो. कुणाला पेटके आले होते, कुणाला उलट्या. मी खिडकीशी बसले, पाय शेजारच्या सीटवर ठेवला आणि फोन लावला. तो फोन काकूंचा, उचलतात नेहमी त्याच, आणि तोही पाच-सहा रिंगांनंतर. या वेळी रिंग पुरती वाजायच्या आत काकांनीच उचलला.

"कवरा झाला?"

"सोळा."

"मंग?"

"पुढे लाल आहे. दोनदा शंभर मोजले, जात नाहीये. मी थांबले, काका. बसमध्ये आहे."

पलीकडे नुसता बँडचा आवाज येत होता. मला वाटलं आता ते 'बगू' म्हणतील, आणि म्हणाले तर मला काय वाटेल याचाच मी विचार करत होते. तेवढ्यात त्यांनी फोन तोंडापासून लांब नेला आणि मी ऐकलं, "थांबली गो. आपली बाय थांबली." आजूबाजूचे लोक आपापल्या माणसांच्या पोचण्याच्या गोष्टी सांगत होते आणि ते ज्याला त्याला हे सांगत होते. त्यांचा आवाज चिरकला होता.

मग फोन काकूंनी घेतला. "सकालपासून पान्याचा घोट नाय घेतला यांनी," त्या म्हणाल्या. "सारखा एकच बोलतान, ती नाय थांबाची, तशीच येल, मना तिला सांगता नाय आला. मी बोलले थांबल. त माझेवर खेकसले."

"आता तरी पाणी द्या त्यांना, काकू."

"पितान बग. दोन गलास झाले."

मी फोन मांडीवर ठेवला. बस हळूहळू निघाली. मी डावा गुडघा वाकवला, सरळ केला, परत वाकवला, आणि ते बघत बराच वेळ तशीच बसून राहिले.